वळताना गाडी वाजते: नुसता बूट, जॉइंट की अख्खा एक्सल?

वळणावर गाडी वाजायला लागली की घाटंजी-मारेगावकडच्या माणसापुढे दोन प्रश्न येतात. काम तालुक्याच्या गॅरेजात करायचं की यवतमाळ-नागपूरला न्यायचं? आणि पार्ट नेमका किती बदलायचा? दोन्हींची उत्तरं आवाज कुठला आहे यावर अवलंबून आहेत, म्हणून आधी आवाज ओळखा. त्याला एक रुपयाही लागत नाही.

बाजाराचा दिवस सोडून बाजाराच्या मैदानात गाडी न्या. स्टेअरिंग एका बाजूला जवळजवळ पूर्ण वळवा, पहिल्या गिअरमध्ये हलका ॲक्सिलरेटर देत गोल फिरवा, मग उलट्या बाजूने. कट-कट-कट असा आवाज आला आणि वेगाबरोबर तो भरभर होत गेला, तर बाहेरचा सीव्ही जॉइंट झिजला आहे असं समजा. एक्सल म्हणजे गिअरबॉक्सची ताकद चाकाला नेणारा दांडा, आणि सीव्ही जॉइंट म्हणजे त्याच्या टोकाचा वळता सांधा: बाहेरचा चाकाकडे, आतला गिअरबॉक्सकडे. आता गाडी थांबवून चाकाच्या मागे टॉर्च मारा. एक्सलच्या टोकाला घड्या-घड्यांचा रबरी बूट असतो. तो फाटलेला असेल, तर रिमच्या आतल्या बाजूला आणि शॉकअपवर काळं ग्रीस उडालेलं दिसतं. आपल्याकडे उन्हाळ्यात रबर कडक होऊन तडकतं, आणि वेचलेला कापूस आणायला धुऱ्यावरून गाडी घातली की पऱ्हाटीची, तुरीची धसकटं उरलेलं काम करतात. पावसाळ्यात पांदणीतला चिखल त्याच फटीतून आत जातो. जॉइंटमधल्या गोळ्या आणि त्यांच्या खाचा मग मातीत घासल्या जातात.

बूट फाटलाय पण गाडी अजून वाजत नाही, अशी वेळ असेल तर फक्त बूट बदला, तोही त्याच आठवड्यात. काही शे रुपयांचा पार्ट आणि मजुरी, तालुक्याचा कुठलाही बरा मिस्त्री करतो. अट एकच: जॉइंट पूर्ण उतरवून, धुऊन, खाचांवर बोट फिरवून बघायला सांगा. खड्डा हाताला लागला नाही तर त्याच जॉइंटला ठरलेलं काळं ग्रीस भरून नवा बूट चढवा. चाकाच्या बेअरिंगचं साधं पिवळं ग्रीस इथे चालत नाही.

आवाज सुरू झाल्यावर मात्र नुसता बूट म्हणजे पैसे पाण्यात. झीज ग्रीसने भरून येत नाही. तेव्हा निवड जॉइंट आणि अख्ख्या एक्सलमध्ये असते. "भाऊ, पूर्ण एक्सलच टाकून घ्या" हे बरेचदा ऐकायला मिळतं, कारण ते काम लवकर उरकतं. पण सरळ रस्त्यावर पिकअप घेताना गाडी थरथरत नसेल, म्हणजे आतला जॉइंट शाबूत असेल, तर चांगल्या कंपनीचा बाहेरचा जॉइंट घेणं मला जास्त पटतं. बिननावाच्या स्वस्त एक्सलपेक्षा तो जास्त भरवशाचा. दोन्ही टोकं वाजत असतील तर अख्खा एक्सल घ्या. भंगारातला जुना एक्सल घ्यायचाच असेल तर दोन्ही जॉइंट उघडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. एक्सल गिअरबॉक्समधून ओढला की गिअर ऑइल सांडतं, ते पुन्हा लेव्हलला भरून घ्या. एक्सलचा नट नवा लावून टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोराइतकंच आवळता येणारा पाना) आवळायला सांगा.

घूंऽऽ असा आवाज वेगळा. तो सरळ रस्त्यावरही असतो, वेगाबरोबर चढतो आणि लांब वळणावर बदलतो. डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर येतो, म्हणून तेव्हा आवाज वाढला तर संशय उजव्या बेअरिंगवर. आधी पुढचे-मागचे टायर अदलाबदल करा. आवाजही जागा बदलून गेला तर दोष टायरचा, बेअरिंगचा खर्च वाचला.

बेअरिंगच्या कामात गॅरेजची निवड खरी महत्त्वाची. पुष्कळ छोट्या गाड्यांत ते हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात, दाबून बसवलेलं असतं. हातोडीने ठोकलं तर नव्या बेअरिंगच्या खाचेवर गोळ्यांचे ठसे उमटतात आणि थोड्याच दिवसांत तेच गुणगुणणं परत सुरू. गॅरेजात हायड्रॉलिक प्रेस आहे का, एवढंच विचारा. तालुक्याला असेल तर तिथेच करा, नसेल तर जिल्ह्याला जा. एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं आहे. अनेक मॉडेलांत बेअरिंगच्या एका बाजूला सेन्सरची चुंबकी कडी असते. ती बाजू उलटी बसली की डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि सगळं पुन्हा उघडावं लागतं.

बाकीचे आवाज सोपे. स्टेअरिंग शेवटपर्यंत नेल्यावर कण्हल्यासारखं वाजलं, तर पॉवर स्टेअरिंगचं ऑइल बघा. इलेक्ट्रिक स्टेअरिंगला ऑइल नसतंच, ते टाकण्याचे पैसे कोणी मागितले तर देऊ नका. उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवताना टुण्ण झालं तर शॉकअपची वरची माउंटिंग. वळताना नुसतं घासल्याचा आवाज असेल तर चाकावरचं प्लॅस्टिक सुटून टायरला लागतंय का ते पाहा.

खड्ड्यात आणि वळताना खाडखाड वाजत असेल आणि जॅकवर चाक वर-खाली हलत असेल, तर बॉल जॉइंटही, म्हणजे चाकाला खालच्या आर्मशी जोडणारा गोळीचा सांधा, संशयात येतो. इथे तालुका की जिल्हा हा विचारच करू नका, गाडी उभी करून मिस्त्रीला घरी बोलवा. सीव्ही जॉइंट तुटला तर बहुतेक वेळा गाडी जागेवर थांबते. बॉल जॉइंट निसटला तर चाकच आडवं पडतं.

बोलेरोवाल्यांनी एवढं ध्यानात ठेवावं: साध्या बोलेरोची ताकद मागच्या चाकांना जाते, पुढे सीव्ही एक्सल नसतोच. पुढचा एक्सल गेला असं कोणी सांगितलं तर गाडी तिथून काढा. तिच्यात वळताना मागून करकर येत असेल तर आधी डिफरन्शिअलचं (मागच्या दोन चाकांमधल्या गिअरच्या गोळ्याचं) ऑइल तपासा.