अल्ताईची गोठलेली थडगी: नळ्या, सावली की दगड?

सायबेरियाच्या दक्षिणेकडच्या अल्ताई पर्वतात पाझिरिक या प्राचीन भटक्या संस्कृतीच्या कुरगानांखाली, म्हणजे थडग्यांवर रचलेल्या ढिगांखाली, अडीच हजार वर्षं बर्फ टिकला, तो मुख्यतः वर रचलेल्या दगडांमुळे. अल्ताईत पर्माफ्रॉस्ट (वर्षानुवर्षं गोठलेली जमीन) सलग नाही, जागोजागी तुटलेला आहे. शेजारची जमीन मोकळी आणि ढिगाखालची गोठलेली, असं तिथे सर्रास दिसतं. हिवाळ्यात दगडांच्या फटींतून जड, गार हवा खाली उतरते आणि आतली ऊब वर ढकलते. उन्हाळ्यात ही गार हवा हलकी नसल्याने तळाशीच बसून राहते. सोव्हिएत पुरातत्त्वज्ञ सेर्गेई रुदेंको यांना १९४७ ते १९४९ मध्ये कातडं, नमदा, गोंदलेली त्वचा आणि प्रसिद्ध पाझिरिक गालिचा शाबूत मिळाला, तो याच रचनेच्या कृपेने. पण हा बर्फ शून्याच्या जेमतेम खाली असतो, म्हणून हवामान थोडंसं तापलं तरी धोका वाढतो.

जागेवरच गारवा टिकवायचा तर तीन मार्ग उरतात.

पहिला थर्मोसायफनचा. बंद पोलादी नळीत अमोनिया किंवा कार्बन डायऑक्साइड भरलेला असतो. तळाशी जमिनीची उष्णता घेऊन त्याची वाफ होते, ती वर पात्यांशी थंड होऊन पुन्हा खाली ओघळते. वीज लागत नाही, आणि हवा जमिनीपेक्षा गरम झाली की काम आपोआप थांबतं. अलास्कातल्या तेलवाहिनीच्या खांबांत अशा लाखाहून जास्त नळ्या आहेत. गारवा देण्याच्या ताकदीत दगड किंवा सावली या नळ्यांच्या जवळपासही येत नाहीत, हे मान्यच करायला हवं.

तरीही माझं मन इथेच अडतं, आणि ते एका कारणाने: नळी बिघडली तर कळत नाही. अमोनिया गळला, किंवा आतल्या गंजातून तयार झालेला हायड्रोजन वरच्या टोकाला साचून वाफेची वाट अडवून बसला, तरी बाहेरून नळी तशीच दिसते. अलास्कात हे प्रत्यक्ष घडलं. तिथे इन्फ्रारेड कॅमेऱ्याने पाहणी करून बंद पडलेल्या नळ्या शोधतात: चालू नळीची पाती आसपासच्या हवेपेक्षा ऊबदार दिसतात, बंद नळीची गारच. हा फरक फक्त कडाक्याच्या थंडीत दिसतो. तेलवाहिनीच्या कडेने रस्ता आहे, माणसं आहेत. अल्ताईतल्या उकोकच्या पठारावर, दोन हजार मीटरहून उंच, भर हिवाळ्यात कॅमेरा घेऊन कोण जाणार? तपासणी शक्य असते तेव्हा रस्ता नाही, आणि रस्ता खुला होतो तेव्हा नळी काही सांगत नाही.

शिवाय एका नळीचा गारवा काही मीटरच पोहोचतो. मोठ्या कुरगानात दफनाच्या खोलीजवळ जायचं तर ढिगातूनच भोक पाडावं लागतं. पाझिरिक खड्ड्यांत घोडे उत्तरेकडे पुरलेले असतात, म्हणजे त्या बाजूला ड्रिल लावणं ही तर सरळ जोखीमच. आणि वर डोकावणारी पाती चोरांना जागा दाखवून देतात.

सावलीचं छप्पर ऊन आणि हिम दोन्ही अडवतं. हिम अडणं महत्त्वाचं, कारण साचलेलं हिम जमिनीवर गोधडीसारखं पडून हिवाळ्याचा गारवा आत जाऊ देत नाही. पण पठारावरच्या वाऱ्यात छप्पर टिकवायला भक्कम पाया लागतो, आणि पाया म्हणजे पुन्हा खोदकाम. दगड पांढरे रंगवले तर खोदकाम टळतं, पण धूळ आणि दगडफूल चढलं की उपयोग ओसरतो.

म्हणून माझा कल दगडांकडे. पुष्कळ कुरगानांचा वरचा थर लुटारूंनी उपसला आहे किंवा बांधकामासाठी नेला आहे. तो पुन्हा रचायचा: वीत-दीड वीत आकाराचे, खडबडीत दगड, सुमारे मीटरभर जाडीचा थर, मधे माती किंवा खडी अजिबात नाही. तिबेटला जाणाऱ्या चिनी रेल्वेच्या भरावात हेच तत्त्व वापरलं आहे. इथला बिघाड डोळ्यांना दिसतो: फटींत धूळ भरते, गवत उगवतं, हवा खेळेनाशी होते. ते उन्हाळ्यात दोन माणसं हाताने साफ करू शकतात. चोरांनी पाडलेला खड्डा मात्र दगडांनी भरण्याआधी बुजवायला हवा, नाहीतर वितळलेलं पाणी त्यातूनच थेट खोलीत जाईल.

काहीही निवडलं तरी नुसत्या तापमापकावर विसंबू नका. बर्फ वितळताना पारा कितीतरी दिवस शून्यालाच चिकटून राहतो, आकडे स्थिर दिसतात आणि आत कातडं कुजायला लागलेलं असतं. एकदा वितळलेलं पुन्हा गोठवून पूर्ववत होत नाही. सेन्सरची माळ ढिगाच्या कडेबाहेर पुरावी आणि जोडीला दरवर्षी जमिनीचा विद्युतरोध मोजावा. बर्फ कमी झाला की रोध घसरतो.

रोध सलग घसरत असेल तर दगडांचा संथ परिणाम पुरणार नाही. तिथे कडेने नळ्या घालायला माझी हरकत नाही, फक्त हिवाळ्यात पोहोचता येईल अशीच जागा हवी. तशी नसेल तर उत्खनन, तेही शीतगृह आणि संवर्धक आधी तयार ठेवून, आणि स्थानिक अल्ताई लोकांची संमती घेऊन. उकोकच्या थडग्यातून १९९३ मध्ये काढलेल्या स्त्रीच्या ममीला गोर्नो-अल्ताईस्क या अल्ताईच्या राजधानीत परत आणायला २०१२ उजाडलं. तिला परत आणण्याच्या मागणीत संमतीचा प्रश्न सतत होता.