सिव्हिल लाइन्समधली मृत्युपत्र-सेवा: मसुदा उत्तम, साक्षीदार भाड्याचे

नागपूरच्या जिल्हा न्यायालय परिसरात टायपिंग, नोटरी आणि साक्षीदार एकाच टेबलावर मिळतात. मसुदा चांगला असतो: मराठी स्वच्छ, प्रत्येक पानावर सहीची जागा, मालमत्तेचं वर्णन सात-बारा किंवा आखीव पत्रिकेप्रमाणे (प्रॉपर्टी कार्ड). एवढ्यापुरते पैसे वसूल.

घोळ साक्षीदारांत आहे. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 च्या कलम 63 नुसार किमान दोन साक्षीदार लागतात. त्यांनी मृत्युपत्र करणाऱ्याला सही करताना पाहावं किंवा सही त्याचीच असल्याची कबुली त्याच्याकडून ऐकावी, आणि मग त्याच्यासमोर स्वतः सही करावी. इथे मात्र शेजारच्या टेबलावरचा माणूस न बघताच सही ठोकतो. पुढे वाद झाला, तर साक्ष अधिनियम, 2023 च्या कलम 67 प्रमाणे हयात साक्षीदारांपैकी एकाला तरी कोर्टात उभं करावं लागतं. तेव्हा हा माणूस शोधायचा कुठे? नोटरीचा शिक्का दोन साक्षीदारांची जागा घेत नाही, हे टेबलावर कुणी सांगत नाही.

ख्रिस्ती कुटुंबांनी आणखी एक पाहावं. उत्तराधिकार कायद्याचंही कलम 67 आहे (क्रमांक तोच, गोंधळू नका). त्यानुसार साक्षीदाराला किंवा त्याच्या जोडीदाराला दिलेली देणगी रद्द होते, मृत्युपत्र मात्र टिकतं. हिंदूंना हे कलम लागू नाही.

‘दोघा किंवा तिघा साक्षीदारांच्या’ शब्दावर गोष्ट ठरवण्याचा नियम बायबलच्या ‘अनुवाद’ पुस्तकात, 19:15 मध्येही आहे. सोबत प्रतिज्ञापत्र करायचं असेल आणि बायबलमधल्या मत्तय 5:34 (‘शपथ वाहूच नका’) मुळे शपथ नको असेल, तर त्यात ‘गांभीर्यपूर्वक कथन’ लिहून घ्या. शपथ अधिनियम, 1969 तशी मुभा देतो.

मसुदा इथूनच करा. साक्षीदार तुमच्याहून तरुण, ओळखीचे, पक्क्या पत्त्याचे घेऊन जा.