वाड्यावस्त्यांना उंची जोडताना : क्यूजीआयएसचा आठ महिन्यांचा अनुभव

भोर आणि वेल्हे भागांतील वाड्यावस्त्यांचा नकाशा आमच्याकडे आधीपासून होता. त्यात समुद्रसपाटीपासूनची उंची तेवढी नव्हती. झऱ्याचे पाणी पंपाशिवाय, केवळ उताराने कोणत्या वस्तीपर्यंत पोहोचेल हे ठरवायचे तर ती लागतेच, म्हणून गेले आठ महिने मी हे काम क्यूजीआयएस या नकाशे बनवण्याच्या मोफत संगणक-प्रणालीत करीत आहे.

मूळ कृती सोपी आहे. उंचीचा रास्टर (चौकोनी पिक्सेलांची जाळी, प्रत्येकात एक उंची) आणि वस्त्यांचे बिंदू उघडून ‘सॅम्पल रास्टर व्हॅल्यूज’ हे साधन चालवले की प्रत्येक बिंदूखालच्या पिक्सेलची उंची नव्या रकान्यात येते. निकाल मात्र जिओपॅकेज या फाइल-प्रकारात साठवावा. शेपफाइल या जुन्या प्रकारात रकान्याच्या नावाला दहाच बाइट मिळतात आणि युनिकोड देवनागरीतील ‘उंची’ या शब्दालाच बारा लागतात.

खरा प्रश्न बिंदू कोठे टेकवला आहे, हा असतो. पुष्कळ नकाशांत तो गावाच्या शिवाराच्या मध्यावर, म्हणजे घाटमाथ्याच्या गावांत अनेकदा डोंगरउतारावर पडतो आणि घरे खाली गावठाणात असतात. तीस अंशांच्या उतारावर बिंदू तीस मीटर सरकला तरी उंचीत सतरा मीटरांचा फरक पडतो. म्हणून मी बिंदू सोडून घरांभोवती बहुभुज आखले आणि ‘झोनल स्टॅटिस्टिक्स’ या साधनाने प्रत्येक बहुभुजातील किमान, मध्यक व कमाल अशा तिन्ही उंची काढल्या. पाण्याच्या कामाला सरासरी उपयोगाची नाही; सर्वांत वरच्या घरापर्यंत पाणी चढले पाहिजे.

सुरुवातीला माझ्याकडून एक गंभीर चूक झाली. झऱ्यांच्या उंची मी इस्रोच्या ‘भुवन’ संकेतस्थळावरील कार्टोडेम या उंचीच्या रास्टरमधून घेतल्या आणि वस्त्यांच्या एसआरटीएम या नासाच्या रास्टरमधून. पहिल्यातील उंची डब्ल्यूजीएस ८४ या, पृथ्वीचा आकार मानलेल्या गणिती लंबगोलापासून मोजलेली असते, तर दुसऱ्यातील ईजीएम ९६ या समुद्रसपाटीशी जुळणाऱ्या पृष्ठापासून. आपल्याकडे या दोहोंत ६० मीटरांहून अधिक अंतर आहे. परिणामी झऱ्यांच्या उंची तेवढ्याने कमी येऊन सगळे झरे कागदावर वस्त्यांच्या खाली गेले, आणि पाणी पोहोचणारच नाही असे मी एका वाडीच्या लोकांना सांगूनही आलो. पुन्हा जाऊन ते दुरुस्त करावे लागले. आता प्रत्येक उंचीशेजारी स्रोत आणि संदर्भपृष्ठ असे दोन रकाने मी न चुकता ठेवतो.

एसआरटीएमचे मोजमाप फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानातून अकरा दिवसांत झाले. २०११ ते २०१५ या काळातील मोजमापांवर आधारलेले कोपर्निकस या युरोपीय उपक्रमाचे तीस मीटरी पिक्सेलांचे उंचीचे प्रारूप मला कड्यांच्या कडेला अधिक विश्वासाचे वाटले, परंतु ते झाडांचे शेंडेही जमीन म्हणून धरते, त्यामुळे देवराईलगतच्या वस्त्या प्रत्यक्षाहून उंच दिसतात. झरा आणि वरचे घर यांतील फरक वीस मीटरांहून कमी निघाला, तर मी या आकड्यांवर निर्णय देत नाही. गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन टप्प्याटप्प्याने जागेवरच मोजतो.