भारतातून दत्तक की अमेरिकेतलं फोस्टर केअर? ख्रिस्ती जोडप्यांसाठी तुलना

वसईहून न्यू जर्सीला किंवा अहमदनगरहून टेक्ससला जाऊन स्थायिक झालेलं ख्रिस्ती जोडपं मूल दत्तक घ्यायचं म्हणालं, की पहिलं नाव भारताचंच निघतं. दुसरा पर्याय राहत्या राज्यातच असतो : फोस्टर केअर, म्हणजे सरकारने आईबापांपासून वेगळं केलेलं मूल तात्पुरतं सांभाळणं; त्यातली काही मुलं पुढे दत्तक घेता येतात. बहुतेक जण तुलना खर्चापासून सुरू करतात. मी आधी पासपोर्ट बघायला सांगेन.

दोघंही अजून एच-वन-बी किंवा ग्रीन कार्डवर असाल, तर भारताचा रस्ता तूर्त बंदच धरा. देशादेशांतल्या दत्तकासाठीच्या हेग कराराखाली मूल अमेरिकेत आणायचं तर नवरा-बायकोपैकी एक जण तरी अमेरिकन नागरिक लागतो. नाहीतर दत्तकविधान होऊनही मूल व्हिसासाठी अडकतं. फोस्टर केअरचे नियम राज्यागणिक बदलतात, पण तिथे नागरिकत्वाची अट सरसकट नाही.

गंमत अशी, की जो अमेरिकन पासपोर्ट हे दार उघडतो, तोच भारतातल्या रांगेत तुम्हाला मागे ढकलतो. भारतीय पासपोर्टवाल्या अनिवासी जोडप्याला ‘कारा’ (दत्तकाचं काम बघणारी भारत सरकारची संस्था) देशातल्या पालकांच्या बरोबरीने धरते. ओसीआय कार्डवाल्यांचा, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांचा नंबर नंतर लागतो. रांगेत तीस हजारांहून जास्त पालक आहेत आणि कायद्याने दत्तकासाठी मोकळी झालेली मुलं त्याच्या एक दशांशही नसतात. निरोगी तान्ह्या बाळासाठी भारतातल्याच जोडप्यांना तीन-साडेतीन वर्षं थांबावं लागतं. म्हणून ओसीआय जोडप्याने मनाशी धरायचं ते मोठं मूल, भावंडांची जोडी किंवा आजार-अपंगत्व असलेलं मूल. घरात आधीच दोन मुलं असतील, तर २०२२ च्या नियमांनुसार तुमचा विचार फक्त विशेष गरजा असलेल्या किंवा सहज घर न मिळणाऱ्या मुलांसाठीच होतो.

इथे शेजारचे पाटील किंवा कुलकर्णी हमखास सल्ला देतात : ‘नात्यातलं मूल घ्या, दत्तकपत्र करा, झालं.’ त्यांचं होतं, कारण १९५६ चा दत्तक कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांच्यासाठी आहे. ख्रिस्ती जोडप्यांकडे वर्षानुवर्षं १८९० चा पालकत्वाचा कायदाच होता. त्यात तुम्ही पालक म्हणून नेमले जायचात, आईबाप नाही. मूल सज्ञान झालं की ते नातं कागदावर संपायचं आणि वारसाहक्क मिळत नसे. आज बालन्याय कायदा, २०१५ धर्म विचारत नाही, आणि २०२२ पासून आदेश कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात. नात्यातलं मूलही याच कायद्याखाली घेता येतं, पण नात्याची व्याख्या अरुंद आहे : काका-मामा, आत्या-मावशी आणि आजी-आजोबा. चुलतभावाचं मूल त्यात बसत नाही.

ख्रिस्ती घरांत या विषयाला श्रद्धेची धार असते. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातलं अनाथ आणि विधवांबद्दलचं वचन प्रवचनात येतंच. १९५५ मध्ये ऑरेगनच्या होल्ट दांपत्याने युद्धानंतरच्या कोरियातून आठ मुलं दत्तक घेतली आणि अमेरिकन चर्चमध्ये परदेशी दत्तकाची लाट उठली. २००४ मध्ये सुमारे तेवीस हजार मुलं परदेशातून दत्तक होऊन अमेरिकेत आली. २०२३ मध्ये हा आकडा तेराशेच्याही खाली होता. ग्वाटेमाला, रशिया, इथिओपिया आणि २०२४ मध्ये चीन, एकेक देशाने दार लावलं. काही ठिकाणी कारण राजकीय होतं, पण ग्वाटेमालात कागदपत्रं आणि पैशांचे घोटाळे उघड झाले होते. २०१० मध्ये हैतीच्या भूकंपानंतर अमेरिकेतल्या दहा बॅप्टिस्ट स्वयंसेवकांना ३३ मुलं सीमेपार नेताना अटक झाली. त्यांतल्या बऱ्याच मुलांचे आईबाप जिवंत निघाले. तेव्हा ‘अनाथाला वाचवतोय’ हे वाक्य कुठल्याही संस्थेच्या तोंडी आलं, की आईबापांचा तपास कुणी, कसा केला ते विचारा.

फोस्टर केअरमध्ये हा प्रश्न झाकलेला नसतो. आईबाप आहेत, व्यसनात, तुरुंगात किंवा नुसते गरिबीत आहेत, आणि यंत्रणेचं पहिलं उद्दिष्ट मूल त्यांच्याकडे परत पाठवणं हेच असतं. वर्षभर वाढवलेलं मूल परत जाऊ शकतं. त्या काळात धर्माचा निर्णयही तुमचा नसतो. जन्मदात्यांच्या संमतीशिवाय बाप्तिस्मा देऊ नये. भारतातून घेतलेलं मूल आदेश निघाला की पूर्ण तुमचं. टाकून दिलेल्या बाळाचा बाप्तिस्मा झाला होता का, हे शोधूनही समजलं नाही, तर कॅथलिक नियमानुसार तो द्यावा. मोठ्या मुलाच्या बाबतीत मात्र घाई नको; आधी ते घरात रुळू दे.

पैशाचं लवकर उरकतो. भारतातून घेताना तिथल्या संस्थेचं शुल्क पाच हजार डॉलर ठरलेलं आहे, पण अमेरिकेतली एजन्सी, गृहअहवाल (घराची पाहणी), प्रवास धरून एकूण आकडा साधारण तीस ते पन्नास हजारांत जातो. पुढे दोन वर्षं अहवालही पाठवायचे. फोस्टर केअरमधून दत्तक जवळपास फुकट होतं, वर बहुतेक मुलांसाठी मासिक मदत मिळते. दत्तकासाठीची अमेरिकन करसवलत दोन्हीकडे आहे; २०२५ मध्ये ती १७,२८० डॉलरपर्यंत होती. फोस्टर केअरमधलं मूल ‘विशेष गरजा’ वर्गात ठरलं, तर खर्च न करताही ती हिशेबात धरता येते.

माझं मत विचाराल, तर तान्हं बाळच हवं असेल त्यांनी भारताच्या रांगेत उभं राहू नये. त्या बाळाला तिथेच घर मिळणार आहे. पण सहा-सात वर्षांचं, महाराष्ट्रातल्या संस्थेत वाढलेलं मूल घेण्याची तयारी असेल, तर तुमच्याइतकं योग्य घर अमेरिकेत क्वचितच मिळेल. पहिल्या रात्री त्याला पोटात दुखतंय हे मराठीत सांगता येईल, आणि ते समजणारं माणूस समोर असेल. दुसऱ्याचं मूल काही काळ सांभाळून परत देण्याचं बळ ज्यांच्यात आहे, त्यांनी फोस्टर केअरच निवडावं. ते बळ नाही, पण दत्तक इथलंच हवं, तर ज्यांच्या आईबापांचे हक्क कोर्टाने आधीच संपवलेत अशा मुलांची यादी राज्याच्या विभागाकडे मागा. त्यात बहुतेक मुलं मोठी असतात.