गावाला जंगल मिळालं, आता तेंदू विकायचा की बांबू?

सामूहिक वनहक्काचा पट्टा हातात आला की पहिल्या दोन-चार ग्रामसभांतच हा विषय निघतो. 2006 च्या वनहक्क कायद्यानं तेंदू (बिडीची पानं) आणि बांबू दोन्ही गौण वनोपजात, म्हणजे लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या मालात येतात, मालकी ग्रामसभेची, म्हणजे काय विकायचं ते आपणच ठरवायचं.

तेंदूची जमेची बाजू मोठी आहे, पैसा लगेच दिसतो. मे महिन्यात थोडेच दिवस पहाटे उठून पानं तोडायची, मग सगळ्या घरानं बसून 70-70 पानांची पुडकी बांधायची, संध्याकाळी फळीवर (पानं गोळा करायच्या जागी) मोजून द्यायची आणि पेरणीच्या तोंडावर रोख रक्कम. पण हिशोब इथेच थांबवला तर गाव फसतं. कोवळी पानं जास्त फुटावीत म्हणून झाडं छाटतात, खाली आग लावतात, त्यात मोहाची आणि चारोळीची रोपटी जळतात, गवत जातं, आणि छाटलेल्या झाडाला टेंभरं (तेंदूची फळं) कुठून लागणार? ती पोरं खातात, अस्वलं खातात, पाखरं खातात, पण त्याची पावती कुठेच फाटत नाही म्हणून ठरावात त्यांचं नावही नसतं.

बांबूत काम जास्त महिने पुरतं, कोवळे सोडून पक्के तेवढेच काढले तर बेट परत भरतं, पावसाळ्यात वास्त्यांची, म्हणजे बांबूच्या कोवळ्या कोंबांची भाजी होते (ते सगळेच खुडले तर पुढचा बांबू येणार नाही, तिथेही मर्यादा हवी). कटकट मात्र भरपूर, मोजणी, वाहतूक पास (माल जंगलाबाहेर न्यायचा परवाना), मजुरीचं रजिस्टर, गिऱ्हाईक शोधणं सगळं आपल्यालाच. पासचं पुस्तक 2011 मध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला मिळालं तेव्हा कुठे ही वाट उघडली. आणि फुलोरा आला की बेटं मरतात, तेव्हा सगळा भार बांबूवर टाकू नका.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला 2012 मध्ये हक्क मिळाले. त्यांनी तेंदू तोडणं बंदच केलं, बांबू धरला आणि वर 34 हेक्टर चांगलं जंगल कशासाठीच तोडायचं नाही म्हणून राखून ठेवलं. मला यातलं हे राखलेलं जंगल सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण प्रत्येक झाडाला भाव लावायची गरज नसते.

बांबू भरपूर असेल तर माझं मत सरळ बांबूला. नसेल तर तेंदू घ्या, पण आग नाही, छाटणी नाही, काही भाग दरवर्षी न तोडता सोडायचा हे ठेकेदाराच्या करारात लिहून घ्या, आणि अॅडव्हान्स हातात पडल्याशिवाय फळी सुरू करू नका.