ग्रॅनोला बार: गुळाचा पाक की खजूर?

ओट्स, शेंगदाणे, तीळ, भोपळ्याच्या बिया दोन्हीकडे त्याच. फरक पडतो तो हे सगळं बांधून ठेवण्यात.

चिक्कीच्या गुळाच्या पाकातली वडी कुरकुरीत होते आणि घट्ट डब्यात बाहेरही छान टिकते. पण सगळी मदार पाकावर. त्याचा थेंब गार पाण्यात टाकायचा. बोटांनी मोडल्यावर कट्‌कन तुटला, की लगेच गॅस बंद. थेंब ताणला गेला तर वडी चिवट होणार, आणि जरा जास्त शिजला तर पाक कडवट. मिश्रण गरम असतानाच थापून सुरीने रेघा मारायच्या. गार झाल्यावर सुरी चालत नाही, नुसता चुरा होतो.

खजुराला ही कटकट नाही. बिया काढून, कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवून, नीट निथळून वाटायचा. वडी मऊ होते, फ्रिजमध्येच ठेवावी लागते. गोड तीही आहेच, फक्त खजुरातला चोथा पोटात जातो. मात्र ओट्स आधी खमंग भाजा, नाहीतर कच्चट लागतात.

मुलांच्या डब्यासाठी मी खजूरच घेईन. ट्रेकला मात्र गूळ.