समासात संदर्भ छापलेलं बायबल: प्रीतीच्या अभ्यासाला कितपत उपयोगी?

प्रीतीवर अभ्यास करायचा ठरला की बहुतेक जण १ करिंथकर १३ (पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रातला प्रीतीवरचा अध्याय) उघडतात आणि तिथेच मुक्काम ठोकतात. तिथून हलवायचं काम संदर्भ-बायबल चांगलं करतं. पण ते कुठवर नेतं आणि कुठे सोडून देतं, हे विकत घेण्याआधी माहीत असलेलं बरं.

रचना साधी आहे. वचनातल्या शब्दावर बारीक अक्षर असतं, आणि त्याच अक्षरापुढे समासात किंवा पानाच्या तळाशी इतर वचनांचे क्रमांक असतात. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञा जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकात, १९:१८ मध्ये (अध्याय १९, वचन १८) आहे. तिथून निघालात तर मत्तय २२:३९, रोमकर १३:९, गलतीकर ५:१४, याकोब २:८ अशी साखळी हाती येते. येशूने ही आज्ञा नियमशास्त्रातूनच (मोशेच्या नावाच्या पाच पुस्तकांतूनच) घेतली आणि त्यातल्याच अनुवाद या पुस्तकातल्या ६:५ च्या (देवावर पूर्ण मनाने प्रीती कर) जोडीला ठेवली, हे पाच मिनिटांत स्पष्ट होतं. इथे पैकीच्या पैकी गुण.

अडचण पुढे आहे. समासातले संदर्भ बहुधा मिळत्याजुळत्या शब्दांकडे धाडतात. त्याच पानावर चार ओळी वर बघा, असं सांगत नाहीत. लेवीय १९ मध्ये तर सगळं घबाड वरच आहे. शेताच्या कडेचं पीक आणि खाली पडलेलं धान्य गरीब व परदेशी यांच्यासाठी सोडायचं (९-१०). मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याकडे ठेवायची नाही (१३). आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवायचा नाही (१४). न्याय करताना थोराची भीड धरायची नाही आणि गरिबालाही झुकतं माप द्यायचं नाही (१५). हा दुसरा भाग बरेच जण विसरतात. चहाडी नको (१६), मनात द्वेष साठवण्यापेक्षा तोंडावर बोलावं (१७), आणि मग येतं अठरावं वचन. खाली ३४ मध्ये तीच प्रीती परदेशी माणसासाठी सांगितली आहे, ३५-३६ मध्ये खरी वजनं-मापं. प्रीती म्हणजे भावना की कृती, यावर तासभर वाद घालणाऱ्या गटाने हा ३७ वचनांचा अध्याय आधी मोठ्याने वाचून काढावा.

१ करिंथकर १३ चंही तेच. अध्यायांची आजची विभागणी १३व्या शतकातली, इंग्लंडचे आर्चबिशप स्टीफन लँगटन यांच्या नावावर आहे. नव्या करारातले वचनांचे क्रमांक फ्रेंच मुद्रक रोबेर एतिएन यांनी १५५१ मध्ये घातले. पौलाच्या पत्रात तेराव्याला अशी चौकट नव्हती. अध्याय १२ व १४ मध्ये कृपादानांवरून (पवित्र आत्म्याने दिलेल्या वरदानांवरून) चाललेली चढाओढ आहे आणि ११:२१ मध्ये प्रभुभोजनाला एक उपाशी, तर दुसरा पिऊन मस्त. हे वाचलं की प्रीती 'हेवा करत नाही' कुणाला उद्देशून आहे ते कळतं. तेरावा अध्याय एकटाच वाचला की 'सर्व काही सहन करते' हे वचन मार खाणाऱ्याला गप्प बसवायला वापरलं जातं. त्याच पत्राचा पाचवा अध्याय उघड पाप करणाऱ्याला मंडळीतून दूर करायला सांगतो, हे तेव्हा कुणी काढत नाही.

निवड करताना दोन वचनं तपासा. मत्तय ५:४४ (वैऱ्यांवर प्रीती करा) उघडा: तिथे निर्गम २३:४-५ (वैऱ्याचा चुकलेला बैल परत नेणं, द्वेष करणाऱ्याचं ओझ्याखाली पडलेलं गाढव सोडवणं) आणि नीतिसूत्रे २५:२१ (भुकेल्या वैऱ्याला खायला देणं) दिलेलं असेल, तर संपादकांनी मेहनत घेतली आहे. मग १ योहान ३:१७ (गरजू भावाला पाहून मन बंद करणाऱ्यात देवाची प्रीती कशी राहील?). तिथे अनुवाद १५:७ (गरीब भावासाठी मन कठोर करू नको) हवं. दोन्ही ठिकाणी फक्त नव्या करारातलेच संदर्भ असतील तर ती आवृत्ती परत ठेवा.

वापरताना क्रम असा ठेवा: आधी पूर्ण अध्याय, मग संदर्भ, तेही एका बैठकीत चार-पाचच, वीस वचनं पालथी घातली की एकही मनात राहत नाही. वहीत तीन रकाने करा: वचन काय करायला सांगतं, माझ्या बाबतीत ती व्यक्ती कोण, कोणत्या दिवसापर्यंत. 'अधिक प्रेमळ होईन' असं लिहिलेला रकाना रिकामाच समजा. अमक्याचे अडवलेले पैसे शुक्रवारपर्यंत देणं, हे चालेल. पुढच्या बैठकीत तिसऱ्या रकान्यापासून सुरुवात करायची, नवा धडा नंतर. बहुतेक गट इथेच ढेपाळतात, कारण नवा धडा सोपा असतो.

बाकी किरकोळ. कागद पातळ असल्याने जेल पेन आणि हायलायटर मागच्या पानावर उमटतात. रंगीत पेन्सिलच बरी. शेवटची शब्दसूची बऱ्याच आवृत्त्यांत संक्षिप्त असते, तिच्यात वचन सापडलं नाही म्हणजे ते नाहीच असं धरू नये. संदर्भांचा टाइप फार बारीक असतो. चाळिशी लागलेल्यांनी मोठ्या आकाराची प्रत घ्यावी, वजन वाढलं तरी.